छापायला टाकण्याआधी लायसन्स पाहा

दिवाळीच्या स्टॉलसाठी कॅलेंडर, बुकमार्क, शुभेच्छापत्रं करताय आणि त्यात विकत घेतलेली क्लिपआर्ट, टेक्स्चर, फॉन्ट आहेत? मग अप्पा बळवंत चौकात छपाईला जाण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. गेल्या वर्षी मी ती काढली नाही.

आधी फाइलचे सगळे लेअर उघडा आणि कुठला तुकडा कुठून आणला ते वहीत लिहून काढा. स्वतः काढलेलं सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी दोन गोष्टी हव्यात: बिल आणि लायसन्सचा मजकूर, म्हणजे तो तुकडा कुठे आणि कसा वापरता येईल याची लेखी परवानगी. बिल म्हणजे लायसन्स नव्हे. माझ्याकडे कमळाच्या वेलबुट्टीच्या बंडलचं बिल होतं. त्यावर ऑर्डर नंबर, तारीख आणि रक्कम. पैसे भरताना मी कमर्शियलचा, म्हणजे विकायच्या वस्तूत वापरण्याचा, पर्याय निवडला होता, पण त्याचा बिलावर उल्लेखच नव्हता. वसुबारसेच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी तक्रारीवरून विक्रीच्या साइटने माझं ऑनलाइन लिस्टिंग उतरवलं आणि लायसन्स मागितलं. विकणाऱ्याचं पान उघडायला गेले, तर त्याने दुकानच बंद केलेलं. हातात पुरावा नसताना स्टॉलवर मांडायचंही धाडस झालं नाही. दीडशे कॅलेंडर खोक्यातच राहिली, आणि जुन्या सालाचं कॅलेंडर नंतर कोण घेणार?

म्हणून पैसे भरलेत त्याच मिनिटाला लायसन्सचं पान पीडीएफ करून ठेवा. नुसती लिंक ठेवू नका. पानं बदलतात, दुकानं बंद होतात.

आता तो मजकूर नीट वाचा. ‘कमर्शियल’ शब्द दिसला की काम झालं असं नाही. किती नग विकता येतील याची बऱ्याचदा मर्यादा असते. कॉफीचे मग आणि टी-शर्ट यांसाठी बऱ्याच ठिकाणी एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव, लायसन्स लागतं. प्रिंट ऑन डिमांडची, म्हणजे ऑर्डर आली की तेवढंच छापण्याची, अट वेगळी असू शकते. विकत घेतलेलं फूल जसंच्या तसं स्टिकरवर छापून विकणं बहुतेक लायसन्समध्ये बसत नाही, त्यात तुमचं काम दिसायला हवं. लोगोत तर ते वापरूच नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कलाकाराने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं, काही घेतलं असेल तर ‘एनसी’ (NC, नॉन-कमर्शियल) ही अक्षरं शोधा. ती असतील तर विकायच्या वस्तूत ते चालत नाही. ‘बाय’ (BY) असेल तर मूळ कलाकाराचं नाव छापावं लागतं, त्यासाठी मागच्या बाजूला जागा ठेवा.

फॉन्ट सगळे विसरतात. देवनागरीत गूगल फॉन्ट्सवरचे मुक्ता, बालू, कलम ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यांत मजकूर छापून वस्तू खुशाल विका. कुणी पेनड्राइव्हवर दिलेला सुलेखनाचा फॉन्ट मात्र काढून टाका, कितीही देखणा असला तरी. आणि फॉन्टच्याही लायसन्सची पीडीएफ ठेवा. हो, फुकटच्या फॉन्टचीसुद्धा.

ओळखीतल्या चित्रकाराकडून चित्र घेतलं असेल तर ‘वापर गं’ एवढ्यावर राहू नका, लेखी घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी मंडळांना पाठवणार असाल तर हे आजच लिहून घ्या. त्याचीही पीडीएफ.

मॉकअप (डिझाइन वस्तूवर कसं दिसेल ते दाखवणारी तयार फाइल), डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधले ब्रश: त्यांचीही लायसन्सं बघा. लिस्टिंगचे फोटो, किंमत, पॅकिंग हे तुम्हाला येतंच.

शेवटी प्रत्येक डिझाइनचं एक फोल्डर. त्यात अंतिम फाइल, बिल, लायसन्सची पीडीएफ. एक प्रत मेलवर. घरातून निघण्याआधी ती पीडीएफ उघडते का, आणि तिच्यावर घेतल्याची तारीख दिसते का, ते बघा. दिसत नसेल तर आज छापायला टाकू नका.