उशाशी क्लॉक रेडिओ ठेवताना या चुका टाळा

गेली वीस-बावीस वर्षे माझ्या उशाशी क्लॉक रेडिओ आहे, आणि नात्यात किंवा शेजारी कोणाचा क्लॉक रेडिओ बिघडला की तो तपासायला माझ्याकडे येतो. त्यांतले बहुतेक रेडिओ मुळात बिघडलेलेच नसतात. घरी आणल्याबरोबर प्लग खोचायचा, वेळ लावायची आणि माहितीपत्रक खोक्यातच राहू द्यायचे, ही घाई सगळीकडे सारखीच दिसते; मग एखाद्या महत्त्वाच्या सकाळी गजर होत नाही आणि दोष यंत्राच्या माथी बसतो. या एका डब्यात दोन यंत्रे आहेत. त्यातला रेडिओ आपल्या बऱ्याच चुका पोटात घालतो, घड्याळ मात्र एकही घालत नाही.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक सेलची आहे. डब्याच्या तळाशी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल बसवायची जागा असते. घड्याळ चालते ते भिंतीतल्या विजेवर. वीज गेली की हा सेल फक्त चालू वेळ आणि गजराची वेळ सांभाळून ठेवतो. त्यावर आकडे उजळत नाहीत, रेडिओ वाजत नाही आणि पुष्कळ मॉडेलांत बझरही वाजत नाही. सेल नसेल, तर वीज अगदी थोडा वेळ गेली तरी घड्याळ 12:00 वर येऊन लुकलुकू लागते आणि लावलेला गजर पुसला जातो.

चार वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याला मुलीच्या प्रवेशाच्या कामासाठी पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचे होते. जून महिना होता, रात्री पाऊस झाला आणि मध्येच वीज गेली. त्याला जाग आली तेव्हा उजाडले होते आणि मनगटी घड्याळात 6:48 झाले होते. उशाशी मात्र 4:38 लुकलुकत होते. गाडी केव्हाच गेली होती. वीज परत येते त्या क्षणी हे घड्याळ 12:00 पासून मोजू लागते, त्यामुळे त्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की वीज 2:10 ला आली हे लगेच कळते. मेव्हण्याचे म्हणणे असे होते की आत सेल तर आहे. झाकण काढून पाहिले, तर रेडिओ घेतल्या दिवशी बसवलेला, पाच वर्षांपूर्वीचा सेल आत होता, त्याच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती आणि एका क्लिपचा पत्रा खाल्ला गेला होता. कापसाच्या काडीने स्पिरिट लावून तो साफ करायला मला अर्धा तास लागला.

तेव्हापासून माझा नेम असा आहे की दर गुढीपाडव्याला सेल बदलायचा, जुना कितीही चांगला वाटला तरी बदलायचा, आणि नव्या सेलवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहायची. सेल बदलताना प्लग लावलेलाच ठेवावा, म्हणजे वेळ पुसली जात नाही. त्यानंतर दुपारी, आपण जागे असताना, प्लग दहा मिनिटे काढून ठेवावा आणि परत लावल्यावर वेळ टिकली आहे ना ते पाहावे. ही दहा मिनिटे कोणीच देत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. शिवाय सेलवर असताना घड्याळ आपल्याच अंदाजाने चालते, त्यामुळे तीन-चार तासांच्या भारनियमनानंतर वेळ पुढे-मागे झालेली असू शकते. ती ताडून पाहिल्याशिवाय झोपू नये.

दुसरी चूक परदेशातून आणलेल्या रेडिओंची. माझ्या मावसबहिणीने न्यू जर्सीहून काकांसाठी क्लॉक रेडिओ आणला. तिथली वीज 120 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची, हे काकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, ट्रान्सफॉर्मर आणला. रेडिओ उत्तम वाजू लागला, पण रात्री दहाला लावलेले घड्याळ सकाळी सहाला 4:40 दाखवू लागले. काका पंधरा दिवस रोज सकाळी वेळ पुढे करत राहिले. नंतर एका दुरुस्तीवाल्याने आतले दोन भाग बदलून पैसे घेतले, तरी घड्याळ तसेच मागे पडत राहिले.

याचे कारण साधे आहे. असे घड्याळ विजेच्या लाटा मोजून वेळ ठरवते. अमेरिकेत सेकंदाला 60 लाटा येतात, आपल्याकडे 50, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, लाटांना हात लावत नाही. म्हणून 60 मोजून सेकंद धरणारे घड्याळ इथे तासाला दहा मिनिटे, म्हणजे दिवसाला चार तास मागे पडते. काकांचा रेडिओ उलटा केला तेव्हा सेलच्या खाचेत 50 आणि 60 असे आकडे कोरलेली नखाएवढी सरकपट्टी दिसली. टूथपिकने ती 50 कडे सरकवली आणि घड्याळ त्या दिवसापासून बरोबर चालू लागले. काही मॉडेलांत अशी पट्टी नसते. ती इथे घड्याळ म्हणून वापरू नयेत. आकड्यांवर केंद्र लावायचा अमेरिकी रेडिओ मिडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झने सरकतो, आपली केंद्रे नवाच्या पटीत असतात, त्यामुळे पुण्याच्या 792 वर तो नेमका थांबतच नाही. काट्याच्या रेडिओला ही अडचण येत नाही.

याच लाटांमुळे चांगले घड्याळही थोडे हलते. वारंवारता, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या लाटांची संख्या, दिवसभर सरासरी 50 ऐवजी 49.9 राहिली, तर घड्याळ सुमारे तीन मिनिटे मागे पडते. 2018 च्या सुरुवातीला युरोपातल्या अनेक देशांत अशी घड्याळे जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली होती, कारण सर्बिया आणि कोसोवो यांच्या वादात या देशांना जोडणाऱ्या जाळ्यातली वीज कमी पडत होती आणि त्यामुळे लाटाही मंदावल्या होत्या. मी दर रविवारी मोबाइलशी वेळ ताडतो.

गजर बझरऐवजी रेडिओवर लावणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. रात्री हळू आवाजात गाणी ऐकून आवाजाची कळ तशीच ठेवली, तर सकाळी रेडिओ तितक्याच हळू वाजतो. मी कळीच्या योग्य जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे आणि दिवा मालवण्याआधी कळ तिथे आणतो. दुसरे म्हणजे आकाशवाणीचे मिडियम वेव्ह केंद्र पहाटे 5:55 च्या सुमारास संकेतधुनीने सुरू होते. साडेपाचचा गजर त्यावर लावला, तर नुसती खरखर ऐकू येते. लवकर उठायचे असेल तेव्हा बझरच लावावा.

गजर लावताना कोपऱ्यातला बारीक ठिपका सकाळ दाखवतो की संध्याकाळ, हे चष्मा लावून पाहावे.

मागची लोंबती वायर गुंडाळून रबर लावू नये, ती एफएमची अँटेना आहे. भिंतीवर सरळ ताणून टाचावी. मिडियम वेव्हची अँटेना आतल्या कांडीवर असते, म्हणून त्या केंद्रासाठी डबाच थोडा फिरवून पाहावा, आणि एवढे करूनही घरघर राहिली, तर शेजारच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर काढून बघावा.