बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय? लाउंज धरून चालू नका

मुंबई–दोहा–लंडन असं कतार एअरवेजचं बिझनेसचं तिकीट काढत असाल, तर पैसे भरायच्या आधी भाड्याचा प्रकार बघा. 'लाइट' असेल तर सीट तीच, जेवणही तेच, पण लाउंज, म्हणजे विमानतळावर आराम करायची आणि खायची खास जागा, त्यात धरलेलं नसतं. दोह्याला चार तासांचा थांबा असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

मुंबईच्या टर्मिनल 2 ला बिझनेसच्या काउंटरवर रांग छोटी असते, म्हणून अगदी शेवटी पोहोचू नका. काउंटर बंद व्हायची वेळ सगळ्यांना एकच. एकूण 40 किलो चालत असले तरी एका बॅगेत 32 च्या वर भरू नका. लोणची-पापडांनी ठासलेली बॅग तिथेच उघडायला लागते, आणि मागचे सगळे बघत असतात. टॅग लावताना बॅग आधी बाहेर यावी म्हणून असलेला 'प्रायॉरिटी' टॅग लागलाय ना, तेही बघा.

दोह्याला उतरल्यावर ट्रान्सफरची सुरक्षा तपासणी झाली की दिव्याखाली बसलेल्या पिवळ्या अस्वलाचं भलंमोठं शिल्प दिसेल. अल मुरजान लाउंज तिथून जवळच. आत गेल्यावर आधी शॉवरसाठी नाव द्या, मग जेवायला बसा. पहाटे तिथे गर्दी असते. टॉवेल ते देतात, बदलायचे कपडे मात्र हातातल्या बॅगेत हवेत.

विमानाच्या घोषणेची वाट बघू नका. मुंबईत तर त्या जवळजवळ होतच नाहीत. मोबाइलवर गजर लावा, मगच डोळे मिटा.