लक्ष्मी विलास बघायचा तर आईच्या चालीनं

बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पहिल्यांदा मी तासाभरात उरकला होता. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, तिच्या गुडघ्यांच्या चालीनं फिरले, तेव्हा कुठे तो खरा दिसला.

सोमवारी जाऊ नका, बंद असतो. इतर दिवशी सकाळी उघडायच्या वेळेलाच पोहोचा. आत काही ठिकाणी नुसतं उभं राहावंसं वाटतं आणि मागून गर्दीचा रेटा असेल तर ते जमत नाही.

तिकीट काढलं की लगेच आत घुसू नका. हिरवळीच्या कडेनं लांब जाऊन समोरची बाजू बघा. एक टोक दुसऱ्यासारखं नाही. घुमट, कमानी, जाळ्या, सगळ्याची सरमिसळ. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिला असेल तर ओळखीचं वाटेल, कारण दोन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. तो १८८१ मध्ये वारला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमनं पाहिलं; १८९० मध्ये सयाजीराव महाराजांचा हा वाडा पुरा झाला. बाग आखली ती लंडनच्या क्यू उद्यानातल्या विल्यम गोल्डरिंगनं. झाडांना घाई नसते, तुम्हीही करू नका. (हे मी घड्याळाकडे बघणाऱ्या नवऱ्याला सांगितलं होतं.)

आत ऑडिओ गाइड जरूर घ्या. फोटोला मनाई आहे, तेव्हा मोबाइल पिशवीतच राहू द्या. राजघराणं अजून इथेच राहतं, त्यामुळे थोडाच भाग खुला असतो. शस्त्रागार झटपट झालं तरी चालेल. वेळ ठेवायचा तो दरबार हॉलसाठी. मध्ये एकही खांब नाही. सगळे माना वर करून बघत असतात. तुम्ही खाली बघा. व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी, नखाएवढे तुकडे एकाला एक भिडवलेले. आई वाकून म्हणाली, "एवढी मोठी रांगोळी, आणि पुसली कशी जात नाही गं?"

मग बाहेर बसा, पाणी प्या. आवारातलंच फतेहसिंह संग्रहालय शेवटी ठेवा. त्याचं तिकीट वेगळं. एकेकाळी ती राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. आता तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. त्यांतल्या बायकांची लुगडी बघा. जरीचा काठ इतका खरा की आईचा हात आपसूक पुढे गेला, आणि रखवालदारानं "मावशी!" म्हणून हटकलं.