फोटो ५० केबीत बसवायचा, पण चेहरा ओळखू आला पाहिजे

अर्जाला फोटो जोडताना ‘फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असा संदेश आला की आजूबाजूने सल्ले सुरू होतात. फोटो मेसेजमधून स्वतःलाच पाठवून पुन्हा उतरवून घेतला तर तो लहान होतो खरा, परंतु किती लहान व्हावा हे आपल्या हातात राहत नाही; स्क्रीनशॉटचेही तेच. पीएनजी आणि जेपीजी हे चित्राच्या फाइलचे दोन वेगळे प्रकार आहेत; फाइलच्या नावातील ‘पीएनजी’ खोडून ‘जेपीजी’ लिहिण्याचा सल्ला तर निव्वळ चुकीचा आहे, कारण त्याने फक्त नाव बदलते, आतली फाइल पीएनजीच राहते आणि आतला मजकूर तपासणारे संकेतस्थळ ती परत पाठवते.

या कामाला मी दोनच साधने वापरतो: फोटोपी आणि स्क्वूश. दोन्ही मोफत आहेत, ब्राउझरमध्ये चालतात, खाते उघडायला लावत नाहीत आणि फोटोवरचे काम आपल्याच यंत्रावर करतात. ओळखपत्रासारख्या गोष्टी कोणा अनोळखी सर्व्हरवर चढवाव्यात हे मला पटत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रथम मूळ फोटोची प्रत करून घ्यावी आणि फोटोपीमध्ये ती अर्जात सांगितलेल्या प्रमाणात क्रॉप करावी. ३५ × ४५ मिलिमीटरच्या फोटोसाठी हे प्रमाण ७ : ९ असते. क्रॉप केलेली फाइल पीएनजी म्हणून जतन करावी, म्हणजे या टप्प्यावर काहीही गमावले जात नाही.

खरी अडचण पुढे आहे, आणि तिथे मी स्वतः बरेच दिवस चुकत होतो. फाइल लहान करण्याचे मार्ग दोन आहेत: पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनते ते ठिपके, कमी करणे आणि क्वालिटी कमी करणे. मला दुसराच ठाऊक होता. कॅमेऱ्यातून आलेला ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून मी क्वालिटीची पट्टी खाली ओढत राहिलो, आणि शेवटी हाती आला तो कपाळावर पट्टे उमटलेला, गालांवर सपाट ठिगळे पडलेला चेहरा. अर्ज अर्थातच परत आला. जेपीजी पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील टाकत जाते. क्वालिटी फार उतरवली की चौकोनात जवळजवळ एकच सरासरी रंग उरतो. म्हणून आधी पिक्सेल, मग क्वालिटी, हा क्रम मोडू नये.

किती पिक्सेल हवेत ते अर्जात दिलेले नसेल तर हिशेब सोपा आहे. मिलिमीटरला २५.४ ने भागून इंच काढावेत आणि इंचाला ३०० पिक्सेल धरून ३०० ने गुणावे. ३५ × ४५ मिलिमीटरचे ४१३ × ५३१ पिक्सेल होतात. हे जेमतेम सव्वादोन लाख पिक्सेल झाले, म्हणजे निम्म्याहून अधिक काम क्वालिटीला हात न लावताच उरकते. (डीपीआयचा, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याचा, आकडा ३०० वरून ७२ केल्याने फाइल लहान होते असे सांगणारे अजूनही भेटतात. पिक्सेल तेवढेच असतील तर तो आकडा छपाईपुरती एक नोंद असतो, त्याने फाइलच्या आकारात काही फरक पडत नाही.)

स्क्वूशमध्ये क्रॉप केलेली फाइल उघडावी, ‘रिसाइझ’ सुरू करून हे आकडे भरावेत, प्रकार ‘मोझजेपीजी’ (यातून जेपीजी फाइलच मिळते) ठेवावा आणि सुरुवातीला ७५ वर असलेली क्वालिटी हळूहळू खाली आणावी. मधल्या रेषेच्या एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला नवा दिसतो. ती रेषा डोळ्यांवरून सरकवत भुवयांचे केस आणि पापण्या पाहाव्यात, कारण बिघाड तिथे आधी दिसतो. मर्यादा ५० केबी असेल तर मी ४६-४७ वर थांबतो. किमान मर्यादाही असेल आणि फाइल तिच्याखाली गेली, तर क्वालिटी वर न्यावी, पिक्सेल वाढवू नयेत.

क्वालिटी ६० च्या खाली नेऊनही फाइल बसत नसेल तर दोष बहुधा मूळ फोटोतच असतो. मागची झाडी, नक्षीचा पडदा किंवा अंधुक उजेडात उमटलेले ठिपके हा सगळा तपशीलच असल्याने तो जागा खातो. अशा वेळी पट्टीशी झटापट करण्यापेक्षा साध्या भिंतीसमोर दिवसाउजेडी नवा फोटो काढणे लवकर होते.

आकडा चुकला तर तयार झालेला जेपीजी पुन्हा आत घालू नये. प्रत्येक वेळी होणारे नुकसान आधीच्या नुकसानात मिसळत जाते. पीएनजी प्रतीपासूनच सुरुवात करावी.

सहीसाठी कागदाची मोकळी जागा क्रॉप करून काढून टाकावी, फोटोपीतील ‘लेव्हल्स’ या उजेड-अंधार कमीजास्त करण्याच्या सोयीने राखाडी कागद पांढरा करावा आणि पुढे हेच सर्व करावे.

उतरवलेली फाइल एकदा उघडून पाहावी, आणि तिच्या नावात मोकळी जागा किंवा चिन्हे ठेवू नयेत. काही अर्ज केवळ तेवढ्यावरूनही अडतात.