जुनं सोनं मोडताय? या चुका टाळा

सोनं मोडायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो आजच्या भावाचा. भाव कुठेही पाहता येतो. पैसे कमी होतात ते वजन आणि शुद्धता ठरताना, आणि नेमकं तिथेच आपलं लक्ष नसतं. म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागा: निव्वळ वजन किती, शुद्धता किती आणि शुद्ध सोन्याच्या चालू दराच्या किती टक्के मिळणार. हे न सांगता थेट गोळाबेरीज रक्कम पुढे करणाऱ्याकडे थांबूच नका.

सगळं एकाच पारड्यात टाकणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. समजा, 22 कॅरेटची 10 ग्रॅमची साखळी आणि 14 कॅरेटचं 10 ग्रॅमचं कडं आहे. वेगळं तोललं तर साखळीत 9.16 आणि कड्यात 5.85, म्हणजे एकूण 15.01 ग्रॅम शुद्ध सोनं. दोन्ही एकत्र तोलून सगळ्याला 14 कॅरेटचा हिशेब लावला, तर हातात येतात फक्त 11.70 ग्रॅमचे पैसे. 3.31 ग्रॅम सोनं कुठेच दिसत नाही.

घरीच भिंग घेऊन खुणा पाहा आणि दागिन्यांचे ढीग वेगळे करा: 916 म्हणजे 22 कॅरेट, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14, 375 म्हणजे 9. सोनेरी दागिन्यावर 925 दिसलं तर ती मुलामा दिलेली चांदी असते. जीपी (GP, सोन्याचा मुलामा) किंवा जीएफ (GF, सोन्याचा पत्रा चढवलेला) अशी अक्षरं असतील तर सोनं फक्त वरच्या थरात आहे.

घरच्या चाचण्यांवर निकाल लावणं

फासा चुंबकाला चिकटला म्हणून साखळी खोटी ठरवू नका. फाशातली स्प्रिंग बहुधा पोलादी असते. उलट, तांबं आणि पितळही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे न चिकटणं हा खरेपणाचा पुरावा होत नाही. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, कारण त्यातले बरेचसे काटे पूर्ण ग्रॅमच दाखवतात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा.

यंत्राचा पहिला आकडा मान्य करणं

शुद्धता तपासणारं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. डाग दिलेल्या, म्हणजे झाळून जोडलेल्या जागी आकडा कमी येऊ शकतो, कारण झाळकामाचं सोनं अनेकदा हलक्या कसाचं असतं. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असेल तर तोही मोजमापात मिसळतो. हॉलमार्क 916 सांगतो आणि यंत्र बरंच खाली दाखवतंय, तर डागापासून दूर तीन-चार जागी पुन्हा मोजायला सांगा. तरीही जुळलं नाही तर दागिना उचला आणि दुसरीकडे तपासून घ्या. असं म्हणायला संकोचू नका, दागिना तुमचा आहे.

वजनाचं माप न विचारणं

सोन्याचा औंस 31.1 ग्रॅमचा, रोजच्या वापरातला औंस 28.35 ग्रॅमचा. काही देशांत सराफ पेनीवेट वापरतात. एक पेनीवेट म्हणजे 1.555 ग्रॅम. काटा पेनीवेटवर आणि दर ग्रॅमचा, असं झालं तर एक तृतीयांशाहून जास्त सोनं फुकट जातं. काट्याची पाटी तुमच्याकडे वळवून घ्या.

खड्यांचं वजन वजा होणारच, ते रास्त आहे. पण किती वजा केलं ते विचारा. रत्नांचा एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, त्यामुळे बारीक खड्यांसाठी कित्येक ग्रॅम कापले जात असतील तर प्रश्न विचारायलाच हवा. मौल्यवान खडे आधी काढून घ्या. सोनं घेणारे बरेच जण त्यांचे पैसे देत नाहीत.

नाणं घासून चकचकीत करणं

कृपा करून हे करू नका. दुर्मीळ नाण्याला संग्राहक सोन्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त देऊ शकतो, आणि पॉलिशने मूळ पृष्ठभाग गेला की ती जास्तीची किंमत परत येत नाही. सीलबंद पाकीट फोडू नका. नाण्याचं वजन आणि त्यातलं सोनं यांतही गल्लत होते: 1 औंसाचं क्रुगररँड हे दक्षिण आफ्रिकेचं सोन्याचं नाणं सुमारे 33.93 ग्रॅम भरतं, कारण ते 22 कॅरेटचं असून त्यात शुद्ध सोनं पूर्ण 1 औंस असतं. ब्रिटिश सॉव्हरिन 7.99 ग्रॅमचं, शुद्ध सोनं मात्र 7.32 ग्रॅम. जुनं नाणं असेल तर आधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.

घाईने वितळवू देणं

आत लाख भरलेला किंवा मीनाकाम केलेला दागिना वितळवल्यावर हलका होतो. ती घट खरी असते. पण वितळवलेला दागिना परत मिळत नाही, आणि सौदा फिसकटला तर तुमच्या हाती फक्त गोळा उरतो. दर, टक्केवारी आणि घट कोण सोसणार हे आधी कागदावर घ्या, भट्टीपूर्वीचं आणि नंतरचं वजन समोर करून घ्या. पावतीवर दर्जानुसार वेगळं वजन, शुद्धता आणि दर असू द्या. दागिना वारशाचा असेल तर बाकीच्या वारसांची संमती आधीच लेखी घ्या.