चेअरलिफ्टवर स्की पोल कसे सांभाळायचे

फोंडा, म्हापशाहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांनो, कोंगडूरीवरून मेरी शोल्डरला जाणाऱ्या चेअरलिफ्टमध्ये (तारेला लटकून वर जाणाऱ्या खुर्च्या) बसायच्या आधी हे वाचाच. लायनीत उभे असतानाच पोलचे, म्हणजे स्कीइंगच्या काठ्यांचे, पट्टे मनगटातून काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पट्टा हातात असताना पोल कुठे अडकला तर खुर्ची पुढे जाते आणि हात मागे ओढला जातो, खांदा निखळू शकतो.

दोन्ही पोल एका हातात धरा, कदंब बसच्या गर्दीत ओली छत्री अंगाशी धरतो ना तसे, टोकं शेजारच्याकडे नकोत. दुसरा हात मोकळा ठेवा, मागे वळून बघा आणि येणारी खुर्ची त्याच हाताने धरून बसा. मग खुर्चीचा बार, म्हणजे पुढचा सुरक्षेचा दांडा, खाली, पोल मांडीवर आडवे, वर हात ठेवायचा. पट्टे बारला अडकवू नका, उतरताना सुटत नाहीत मग.

पोल खाली पडला तर वाकायचं नाही, जाऊदे, वर पोचल्यावर लिफ्टवाल्याला सांगा.

उतरायची जागा जवळ आली की बार वर, स्कीची टोकं वर, पोल परत एका हातात उचलून धरा, बर्फात टेकवू नका. पट्टे घालायचे ते बाजूला सरकल्यावरच, वाटेत थांबून नाही, मागची खुर्ची येतच असते.