घरातच बाळंत व्हायची वेळ आली? या चुका टाळा

तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. दारात रिक्षा थांबायची, बाळ वाटेतच आलेलं आणि सोबतच्यांनी नको ते करून ठेवलेलं.

सगळ्यात जास्त राग येतो तो नाळ कापायच्या घाईचा. विसर्जनाची संध्याकाळ, पेठांतले रस्ते बंद, अ‍ॅम्ब्युलन्स अडकलेली. एक बाई घरीच मोकळी झाली. सगळं ठीक होतं. पण दिराने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, भाजीच्या सुरीने नाळ कापली आणि शिवणाच्या दोऱ्याने बांधली. गाठ सैल. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपटं लाल झालेलं. बाळ वाचलं, पण मी त्या दिराला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अरे, नाळ कापायची राहिली म्हणून काही बिघडत नाही! बाळ आईच्या छातीवर ठेवा, वर पांघरूण घाला. वार (बाळामागून बाहेर येणारी प्लॅसेंटा) पडली तर पिशवीत घालून बाळासोबतच आणा. कापायला आम्ही आहोत.

दुसरं, "संडासला लागलंय." दिवस भरलेली, कळा येणारी बाई असं म्हणाली की सासूबाई तिला बाथरूममध्ये पाठवतात. डोकं खाली सरकलं की तसंच वाटतं हो! कमोडवर बाळ आलेलं मी दोनदा पाहिलंय. तिला कुशीवर झोपवा.

बाळ, नाळ, वार, काहीही ओढायचं नाही. डोक्याला नुसता हाताचा आधार द्या. मानेभोवती नाळ दिसली तर बोटाने हलकेच डोक्यावरून काढा. कळांच्या वेळी पोट दाबू नका.

बाळ रडलं नाही तर उलटं धरून फटके? मुळीच नाही. कोरड्या टॉवेलने पुसा, पाठ चोळा, ओला टॉवेल बदला.

मध, गुटी, नाळेवर हळद: नको. अंघोळ 24 तास नको. अंगावर पाजा, त्याने गर्भाशयही आकसतं. रक्त थांबत नसेल किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर ताबडतोब निघा.

आणि 108 ला फोन सगळ्यात आधी, नातेवाइकांना नंतर. लोकेशन पाठवा, पण कोपऱ्यावर एक माणूस उभा कराच.

भाचीला मी सातव्या महिन्यातच चार टॉवेल, प्लास्टिकची चादर, ग्लोव्हज आणि टॉर्च पिशवीत भरून दिलं. ती हसली. बाळ हॉस्पिटलातच झालं. टॉवेल मात्र अजून वापरतेय.